लांब पल्ल्याचे धावणे आणि लय : पावलाला ठेका द्यावा की पावलातून ठेका घ्यावा?

पूर्णाकाठ (परभणी) – मूळ लेख

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षे मी आमच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरातील रस्त्यांवर पहाटे धावतो आहे आणि त्याच्या कितीतरी आधीपासून, म्हणजे शाळकरी वयापासून, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मला फार उशिरा जाणवले. गेल्या आषाढात गावच्या दिंडीबरोबर काही मुक्काम चाललो. गळ्यात पखवाज, डोक्यावर ऊन आणि दिवसाची वीस-बावीस किलोमीटरची मजल, असे असूनही संध्याकाळी पाय दुखत असले तरी दम लागल्याची किंवा ‘आता पुरे’ अशी भावना आली नाही. एवढेच अंतर मी एकट्याने, शांतपणे चाललो असतो तर अर्ध्या वाटेतच कंटाळलो असतो. पावली खेळताना तर लोक अक्षरशः नाचत पुढे सरकत होते, आणि टाळ-मृदंग थांबला की त्याच माणसांच्या चेहऱ्यावर लगेच थकवा दिसू लागत होता. हा फरक भक्तीमुळे पडतो हे मला मान्यच आहे. परंतु त्यात लयीचा वाटा किती, हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून राहिला.

परत आल्यावर मी स्वतःची पावले मोजली. किलोमीटरला सुमारे पावणेसात मिनिटे या माझ्या नेहमीच्या वेगात मिनिटाला १५८ पावले पडत होती. धावणारी मंडळी याला केडन्स म्हणतात. मग मी घरीच केहरव्याचा साधा ठेका मिनिटाला ८२ मात्रांच्या लयीत ध्वनिमुद्रित केला, म्हणजे दुगुनीत एका मात्रेला दोन पावले धरली तर १६४ पावले होतात, आणि तो एका कानात लावून धावलो. पहिली दहा मिनिटे पाय अडखळले. त्यानंतर मात्र पाऊल आपोआप ठेक्यावर पडू लागले, आणि घरी येऊन घड्याळ पाहिले तेव्हा आठ किलोमीटरच्या वाटचालीत मी नेहमीपेक्षा जवळजवळ दीड मिनिट लवकर पोहोचलो होतो. एका दिवसाच्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नये हे मला कळते, म्हणून या विषयावर जे काही वाचता आले ते वाचले. त्यातील मला महत्त्वाचे वाटलेले इथे मांडतो आहे.

हा विषय नवा नाही. १९११ साली लिओनार्ड आयर्स यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील सहा दिवसांच्या सायकल शर्यतीची निरीक्षणे प्रसिद्ध केली होती. बँड वाजत असताना सायकलस्वारांचा सरासरी वेग ताशी १९.६ मैल आणि बँड बंद असताना १७.९ मैल भरला होता. सायकलस्वार दमलेले असताना आणि नसताना बँड वाजला की नाही, प्रेक्षकांची गर्दी कधी होती, याचा हिशेब त्यात फारसा नाही. तरी प्रश्न तेव्हापासून विचारला जातो आहे हे लक्षात येते.

आधुनिक काळात लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कोस्टास कारागिऑर्गिस यांनी या विषयावर सर्वाधिक काम केले आहे. त्यांच्या मांडणीत एक भेद फार उपयोगी आहे. संगीत पार्श्वभूमीला वाजत राहणे आणि हालचाल जाणीवपूर्वक संगीताच्या ठोक्यावर बसवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात मन रमते, उत्साह वाढतो आणि थकव्याकडे लक्ष कमी जाते. दुसऱ्या प्रकारात हे सर्व होतेच, शिवाय पावले एकसारखी पडू लागल्याने शक्तीचा खर्चही थोडा वाचतो. पीटर टेरी, कारागिऑर्गिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ११ निष्णात ट्रायथलॉनपटूंना ट्रेडमिलवर ठोक्यावर धावायला लावले, तेव्हा उत्साहवर्धक संगीतासोबत ते संगीताविना धावण्यापेक्षा १८.१ टक्के जास्त वेळ टिकले आणि फारसे उत्साहवर्धक नसलेल्या संगीतासोबत १९.७ टक्के जास्त वेळ टिकले. हा दुसरा आकडा मी दोनदा तपासून पाहिला. गाणे आवडते आहे की नाही, यापेक्षा ठोका स्पष्ट आणि स्थिर आहे की नाही, याला अधिक महत्त्व असावे असे त्यातून मला दिसते, आणि दिंडीतल्या अनुभवाशी ते जुळते. तिथे अभंग बदलत होते, गाणारे बदलत होते. मृदंगाची चाल तेवढी टिकून होती.

इथिओपियाचे धावपटू हाइले गेब्रसेलासी यांचे उदाहरण अनेकांना ठाऊक असेल. १९९८ च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅम येथे २००० मीटर अंतर त्यांनी इनडोअर ट्रॅकवर ४ मिनिटे ५२.८६ सेकंदांत पूर्ण करून विश्वविक्रम केला, तेव्हा ‘स्कॅटमॅन’ हे गाणे त्यांच्या विनंतीवरून मैदानात वाजवले जात होते.

माझे मत असे बनले आहे की धावणाऱ्याने गाण्यांच्या याद्या गोळा करण्याऐवजी स्वतःच्या पावलांची लय आधी ओळखावी, ती थोडी सुधारावी आणि ठेक्याचा वापर त्या सुधारणेपुरता करावा. आपल्याकडे तर तालाची इतकी समृद्ध परंपरा आहे की परदेशी गाण्यांचे प्रतिमिनिट ठोके शोधत बसण्याचे कारण नाही. जाणकारांनी यावर लिहावे, चुका दाखवाव्यात, ही विनंती.

ठेका (अंबाजोगाई)

पूर्णाकाठ सर, लेख अतिशय आवडला. मी स्वतः धावत नाही, रोज तासभर चालतो. परंतु तीस वर्षे मुलांना तबला शिकवीत असल्यामुळे तालाच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

आपण केहरवा निवडलात हे स्वाभाविक आहे, कारण तो आठ मात्रांचा, सरळ चालीचा आणि प्रत्येकाच्या कानात बसलेला आहे : धा गे न ति । न क धि न. परंतु एका मात्रेला एक किंवा दोन पावले धरून धावलात तर केहरव्याची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, प्रत्येक आवर्तनात त्याच पायावर येते. आठ किंवा सोळा या दोन्ही संख्या सम असल्यामुळे उजव्या पायावर सुरू झालेली सम शेवटपर्यंत उजव्याच पायावर येत राहील. समेवर शरीर नकळत थोडा अधिक जोर देते, हे नृत्य शिकणारी लहान मुलेही दाखवून देतात. तासभर धावताना हा अधिकचा जोर सतत एकाच पायावर पडत राहावा का, याचा विचार व्हावा.

दादरा घेतला, म्हणजे धा धी ना । धा ती ना, आणि एका मात्रेला एक पाऊल ठेवले, तर समेचा ‘धा’ उजव्या पायावर आणि कालाचा, म्हणजे खालीच्या चौथ्या मात्रेचा, ‘धा’ डाव्या पायावर पडतो. दोन्ही पायांना जोराचा बोल मिळतो. रूपक सात मात्रांचा असल्यामुळे त्याची सम दर आवर्तनाला पाय बदलते, परंतु त्याची सम खालीच्या, म्हणजे टाळी न देता दाखवायच्या, मात्रेवर असल्याने नवख्या माणसाचा गोंधळ होईल; धावताना तो नको.

मला सर्वांत अधिक योग्य वाटतो तो झपताल, आणि त्याचे कारण श्वास आहे. दहा मात्रांचा हा ताल दोन-तीन-दोन-तीन असा विभागलेला आहे : धी ना । धी धी ना । ती ना । धी धी ना. माझा एक जुना विद्यार्थी लांब पल्ल्याचा धावपटू आहे. तो तीन पावलांना श्वास घेतो आणि दोन पावलांना सोडतो. मी त्याला तिसऱ्या मात्रेपासून मोजायला सांगितले. ‘धी धी ना’वर श्वास घ्यायचा, ‘ती ना’वर सोडायचा, पुन्हा ‘धी धी ना’वर घ्यायचा आणि समेच्या ‘धी ना’वर सोडायचा. पाच ही विषम संख्या असल्यामुळे श्वास सोडण्याची सुरुवात एकदा या पायावर आणि एकदा त्या पायावर होते. त्याला हे इतके सहज जमले की आता तो कानात काहीही न लावता मनातल्या मनात बोल म्हणत धावतो.

आणखी एक सूचना. मोबाइलमधल्या तबल्याच्या ॲपवर लय मात्रांत दाखवलेली असते, आणि इंग्रजी गाण्यांचे ठोके मोजण्याची रीत वेगळी असते. एकच गाणे कोणी ८५ चे म्हणेल, कोणी १७० चे. आकड्यावर विसंबू नये. पाऊल टाकून पाहावे.

अर्धशतक (नांदेड)

मूळ लेखातील तळमळ जाणवते आणि ठेका सरांचा प्रतिसाद तर जपून ठेवावा असा आहे. तरीही मी अभियंता असल्यामुळे आकड्यांबद्दल दोन शंका नोंदवतो, आणि त्या विषयाच्या विरोधात नसून त्याच्या काळजीपोटी आहेत.

पहिली गोष्ट १८ टक्क्यांबद्दल. हा आकडा एका ठरलेल्या वेगात थकून थांबेपर्यंत किती वेळ टिकता येते, याचा आहे. तो शर्यतीच्या वेळेचा नाही. थकून थांबण्याची वेळ फार संवेदनशील असते. क्षमतेत एक-दीड टक्क्याचा फरक पडला तरी ती दहा-वीस टक्क्यांनी बदलते. म्हणून ‘संगीताने १८ टक्के वेगवान होता येते’ असा अर्थ कोणी काढू नये. साठ मिनिटांत १० किलोमीटर धावणाऱ्या माणसाला एक टक्का म्हणजे ३६ सेकंद मिळतात. हा लाभ कमी नाही, पण चमत्कारही नाही. पूर्णाकाठ सरांना आठ किलोमीटरला मिळालेले दीड मिनिट म्हणजे जवळजवळ पावणेतीन टक्के होतात, त्यामुळे त्या दिवशी हवा, झोप, उत्साह यांचाही त्यात वाटा असणार.

दुसरी गोष्ट अशी की अशा प्रयोगांत धावणाऱ्याला संगीत चालू आहे की बंद, हे कळतच असते. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, तसे खोटे संगीत देता येत नाही. टेरी आणि सहकाऱ्यांनी २०२० साली १३९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात कामगिरीवरचा परिणाम निश्चितपणे आढळला, परंतु तो लहान आकाराचा होता. मनाला बरे वाटण्यावरचा परिणाम त्याहून मोठा होता आणि हृदयाच्या ठोक्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे धावणे सोपे होण्यापेक्षा सुखद होते, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

गेब्रसेलासी यांच्याबद्दलही एक दुरुस्ती सुचवतो. त्यांचे प्रत्येक पाऊल त्या गाण्याच्या ठोक्यावर पडत होते, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. त्या गाण्याची लय मिनिटाला सुमारे १३६ ठोके आहे. त्या वेगात धावणाऱ्या जागतिक दर्जाच्या धावपटूची पावले १८० च्या पुढेच असतात, त्यामुळे एका ठोक्याला एक पाऊल हे गणित बसत नाही. गाण्याने त्यांना फेऱ्यांचा वेग सांभाळायला आणि उत्साह टिकवायला मदत झाली असेल. पाऊल-ठोक्याची जुळणी मात्र मला पटत नाही.

पूर्णाकाठ (परभणी)

अर्धशतक साहेब, पावणेतीन टक्क्यांचा हिशेब मान्य. त्या दिवशी आभाळ भरून आले होते आणि हवेत गारवा होता, हे मी लेखात लिहायला हवे होते.

ठेका सर, एकाच पायावर येणाऱ्या समेचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. चाळीस वर्षे पखवाज वाजवूनही आला नाही, कारण एरवी वाजवताना पाय जमिनीवर स्थिर असतात. उद्यापासून झपताल.

अस्थिसंधी (लातूर)

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे गुडघेदुखी घेऊन येणाऱ्या धावपटूंची संख्या दरवर्षी वाढते आहे, म्हणून या चर्चेत भाग घेणे मला आवश्यक वाटते.

केडन्सबद्दल १८० हा आकडा सर्वत्र फिरतो. त्याचे मूळ प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांच्या निरीक्षणात आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्यांनी विविध अंतरांच्या धावपटूंची पावले मोजली, तेव्हा एखादा अपवाद वगळता सर्वांची पावले मिनिटाला १८० किंवा त्याहून अधिक होती. परंतु ती ऑलिम्पिकपटूंची, शर्यतीच्या वेगातली पावले होती. किलोमीटरला सात मिनिटे लावणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाने १८० चा ठेका लावून धावू लागणे म्हणजे पोटऱ्या आणि टाचेच्या शिरेचे दुखणे ओढवून घेणे आहे. माझ्याकडे असे तीन जण गेल्या वर्षभरात येऊन गेले.

उपयोगी ठरते ते स्वतःच्या नेहमीच्या केडन्समध्ये केलेली छोटी वाढ. विस्कॉन्सिन विद्यापीठातील ब्रायन हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिले की वेग तोच ठेवून पावलांची संख्या ५ ते १० टक्क्यांनी वाढवली तर गुडघा आणि खुबा यांच्यावरचा भार लक्षणीयरीत्या कमी होतो. कारण साधे आहे. पावले वाढली की प्रत्येक पाऊल आखूड होते, पाय शरीराच्या फार पुढे जाऊन पडत नाही, आणि टाच आपटून वेग मोडण्याचे प्रमाण घटते. पूर्णाकाठ सरांनी १५८ वरून १६४ वर नेले, ही वाढ चार टक्क्यांच्या आतली आहे. त्यांनी नकळत योग्य तेच केले.

ही वाढ टिकवण्यासाठी ठेका हे उत्तम साधन आहे, कारण ताल ऐकला की हालचालीचे नियोजन करणारे मेंदूचे भाग, माणूस स्थिर बसलेला असतानाही, सक्रिय होतात. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या बाबतीत हे मी रोज पाहते. पाऊल उचलताना अडखळणारा रुग्ण टाळीच्या किंवा मेट्रोनोमच्या ठोक्यावर बऱ्यापैकी मोकळा चालू लागतो. मायकेल थॉट यांनी १९९६ मध्ये तीन आठवड्यांच्या अशा सरावाने रुग्णांची चाल सुधारल्याचे दाखवले होते, आणि आज ही पद्धत जगभर वापरली जाते. बेल्जियममधील गेंट विद्यापीठातील संशोधकांनी हौशी धावपटूंवर प्रयोग करून असेही दाखवले आहे की, संगीताची लय माणसाच्या केडन्सपासून दोन-तीन टक्के वर-खाली केली तर पाऊल न सांगता त्या दिशेने सरकते. म्हणून ठेका आपल्या पावलाच्या जवळचाच हवा. एकदम लांबचा ठेका लावला की शरीर त्याला जुमानत नाही.

श्वासाबद्दल ठेका सरांनी लिहिले आहे. डेनिस ब्रॅम्बल आणि डेव्हिड कॅरियर यांनी १९८३ साली दाखवले की चौखूर धावणारा घोडा एका उडीला एकच श्वास घेऊ शकतो, पण माणूस दोनास एक, तीनास एक, पाचास दोन अशी अनेक प्रमाणे बदलू शकतो. दोनास एक हे प्रमाण सर्वांत जास्त आढळते. तीन पावले आत, दोन पावले बाहेर या पद्धतीने दुखापती टळतात असे काही प्रशिक्षक सांगतात, ते अजून नीट सिद्ध झालेले नाही. पण ती सोयीची वाटत असेल तर करायला काहीच हरकत नाही.

एक इशारा मात्र पोटतिडकीने द्यावासा वाटतो. संगीतामुळे थकवा कमी जाणवतो, हा लाभ आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत धोका ठरू शकतो. पारा ४२ अंशांवर जाणाऱ्या मुलखात सकाळी आठला धावताना शरीर जो ‘थांब’ असा निरोप देते, तो ऐकू येणे जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. उन्हाळ्यात लांब पल्ल्याच्या सरावाला कानात काही लावू नये, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

माळवाट (आष्टी, जि. बीड)

आमच्या भागात पहाटे चारला रस्त्यावर धावणारी मुले-मुली दिसतात ती मुख्यतः पोलीस आणि सैन्य भरतीसाठी. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मी त्यांच्यातील काहींना विनामूल्य सराव देतो आणि माझा अनुभव ताईंच्या इशाऱ्याला जोडून सांगतो.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो, उसाचे वाढे बाहेर आलेले असते. दोन्ही कान बंद करून अंधारात धावणारा मुलगा मला दिसला की मी त्याला थांबवतो. गेल्या हंगामात आमच्या गटातील एका मुलाला मागून येणाऱ्या ट्रॉलीतील उसाचा फटका बसून तो चारीत पडला. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. त्यानंतर आम्ही नियम केला की ठेक्याचा सराव फक्त शाळेच्या मैदानावर करायचा, तोही मोबाइलच्या स्पीकरवर किंवा सरळ हलगीवर. हलगी वाजवणारा एक मुलगा आमच्याच गटात आहे. चारशे मीटरच्या फेरीत मध्यभागी उभा राहून तो वाजवतो आणि सगळे त्या चालीत धावतात. इअरफोनपेक्षा हे कितीतरी परिणामकारक वाटते, कारण सर्वांची पावले एकत्र पडतात.

दुसरी गोष्ट शर्यतीची. प्रत्यक्ष मैदानी चाचणीत कानात काही घालून धावता येत नाही. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमांतही स्पर्धेच्या जागेत मोबाइल, रेडिओ यांसारखी उपकरणे बाळगणे हे बाहेरून घेतलेले साहाय्य मानले जाते. ज्याचा सराव गाण्याशिवाय होतच नाही, तो मुलगा चाचणीच्या दिवशी पहिल्या फेरीतच जास्त वेगाने धावून जातो आणि तिसऱ्या फेरीत बसतो. असे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून आम्ही आठवड्यातून दोनच दिवस ठेक्यावर धावतो. उरलेले दिवस तोच ठेका आठवून धावतो.

आमच्या तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांचा उल्लेख इथे व्हायलाच हवा. पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये जुलै २०२४ मध्ये त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात, म्हणजे धावण्याची लय पस्तीस वेळा मोडून पस्तीस वेळा पुन्हा जुळवावी लागते. अडथळा जवळ येताना पावले आखूड करून अडखळणारा धावपटू प्रत्येक वेळी थोडा वेग गमावतो; लांबूनच अंदाज घेऊन पाऊल बसवणारा तो वाचवतो. बाहेरून वाजणारा एकसारखा ठेका इथे काही कामाचा नाही. लय धावणाऱ्याच्या अंगातच असावी लागते. ‘सरावात ठेका, शर्यतीत अंगातली लय’ हे मी मुलांना साबळे यांच्या शर्यतीची चित्रफीत दाखवून समजावतो.

नवखी (धाराशिव)

मी भरतीची तयारी करते आहे. ८०० मीटरसाठी कोणता ताल घ्यावा? मला तालातले काही कळत नाही आणि आमच्या इथे शिकवणारेही कोणी नाही.

ठेका (अंबाजोगाई)

बाळ, ८०० मीटरला ताल नको. तो वेग इतका असतो की बोल मनात म्हणायलाही श्वास उरत नाही. तू आठवड्यातून दोन दिवस सावकाश तीन-चार किलोमीटर धाव, तेव्हा फक्त ‘एक-दोन-तीन’ असे मनात मोज आणि ‘एक’ आळीपाळीने दोन्ही पायांवर येतो आहे का, एवढे पाहा. तोच दादरा आहे. वेगाच्या सरावासाठी माळवाट यांचे ऐक.

जात्यावरची (गंगाखेड)

मी बावन्न वर्षांची आहे. गेल्या दोन वर्षांपासून मी गोदावरीच्या काठाने थोडे चालते, थोडे धावते. जनाबाईंच्या गावात राहते म्हणून जात्याचा विषय काढते आहे असे नाही. तो या चर्चेत मला कुठेच दिसला नाही म्हणून काढते आहे.

माझी आजी पहाटे दळायला बसायची आणि मी तिच्या समोर खुंट्याला हात लावून बसायची. ओवी आधी आणि दळण नंतर असे कधी होत नसे. जाते आधी फिरू लागायचे. दाणे जाड असले, ज्वारी ओलसर असली, तर जाते जड फिरायचे आणि त्याच ओवीची चाल आपोआप संथ व्हायची. जाते हलके झाले की चाल मोकळी व्हायची. आजीने जात्याला कधी ओवीच्या चालीत ओढले नाही. दुसरी बाई समोर बसली तर दोघींच्या हाताची ओढ जुळेपर्यंत ती गात नसे, पहिले चार-सहा फेरे नुसतेच जायचे.

आता सगळे जण ठेका आधी लावतात आणि पायांना त्यामागे धावायला लावतात, हे मला उलटे वाटते. मी सुरुवातीला मुलाने दिलेल्या गाण्यांवर धावत होते आणि दर वेळी माझी कंबर धरायची. मग मी गाणी बंद केली. आता पहिले पाव किलोमीटर नुसती चालते, मग हळू धावते, आणि पाऊल जिथे स्थिरावेल त्या चालीतली आजीची एखादी ओवी मनात म्हणते. चढ आला की ओवी संथ करते. वारा समोरून असला तरी तसेच. माझी गती काही फार नाही, परंतु गेल्या आठ महिन्यांत एकदाही कंबर धरलेली नाही.

अस्थिसंधी (लातूर)

ताई, आपण लिहिलेले मला माझ्या रुग्णांना वाचून दाखवायचे आहे. चढावर ओवी संथ करणे म्हणजे शरीरावरचा ताण एकसारखा ठेवणे. आणि ठरलेल्या लयीत वाजणाऱ्या यंत्राला ते करता येत नाही. यंत्राला चढ कळत नाही. बालाघाटच्या घाटरस्त्यांवर सपाटीचा ठेका लावून चढणारे लोक शेवटी दम लागून चालू लागतात, त्याचे कारण हेच असते.

मात्र ज्यांचे पाऊल मुळातच फार लांब आणि जड पडते, त्यांना बाहेरच्या ठेक्याची मदत काही आठवडे लागते. पाय जिथे स्थिरावतो ती जागा प्रत्येकासाठी योग्यच असते असे नाही. आपले पाऊल मूळचे आखूड असणार, म्हणून आपल्याला ते लाभले.

अर्धशतक (नांदेड)

‘दोघींच्या हाताची ओढ जुळेपर्यंत ती गात नसे’ हे वाक्य मी तीनदा वाचले. मोजमापाच्या भाषेत सांगायचे तर आधी मूळ नोंद घ्या, मग बदल करा, असेच हे आहे. इथल्या सर्वांना विनंती की ठेका लावण्याआधी किमान तीन वेगवेगळ्या दिवशी, सपाट रस्त्यावर, धावणे सुरू करून दहा मिनिटे झाल्यावर एक मिनिट उजवे पाऊल मोजावे आणि दुप्पट करावे. घड्याळातील आकडा चालेल, पण हाताने मोजलेला अधिक भरवशाचा.

पूर्णाकाठ (परभणी)

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे.

अर्धशतक साहेबांनी सांगितल्याप्रमाणे तीन दिवस नुसते मोजले : १५८, १५७, १६०. जात्यावरची ताईंच्या सांगण्यावरून पहिला एक किलोमीटर कानात काही न लावता धावू लागलो. त्यानंतर ठेका सरांच्या झपतालावर एका मात्रेला एक पाऊल धरून १६४ च्या लयीत विद्यापीठाच्या आतल्या सपाट, वाहने नसलेल्या रस्त्यावर चार किलोमीटर, एकच कान बंद ठेवून. पहिला आठवडा फार कठीण गेला. ‘ती ना’वर श्वास सोडायचा हे डोक्यात असल्याने पावलाकडे दुर्लक्ष होई, आणि पावलाकडे पाहिले की श्वास चुके. दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे ते एकाएकी जुळले. कसे जुळले ते सांगता येत नाही, पखवाजावर एखादी परण कित्येक दिवस अडावी आणि एके दिवशी हातातून सुटावी तसे झाले.

काल दहा किलोमीटर धावलो. शेवटचे तीन किलोमीटर इअरफोन खिशात होता आणि बोल मनात. घरी येऊन पाहिले तर त्या तीन किलोमीटरची सरासरी १६५ भरली. एकूण वेळ जुन्या वेळेपेक्षा ४० सेकंदांनी कमी आहे, म्हणजे एका टक्क्याच्या आसपास, आणि काल हवा गार नव्हती. उजव्या गुडघ्याची कुरकुर, जी मी मूळ लेखात लिहिली नव्हती, ती दहा दिवसांपासून जाणवलेली नाही.

एक अडचण उरली आहे. विद्यापीठाच्या फाटकापासून पुलाकडे जाताना जो लांबट चढ लागतो, तिथे १६५ टिकवायला गेलो की श्वास तीन-दोनवरून दोन-एकवर येतो आणि झपताल मोडतो. तिथे लय उतरवावी, की दादऱ्यावर यावे? दादरा घेतला तर दोन पावले आत, एक बाहेर असे तीन पावलांत बसते आणि पायही आळीपाळीने बदलतो, परंतु चढ संपल्यावर पुन्हा झपतालात शिरताना सम सापडत नाही. ठेका सर, या जोडासाठी एखादी तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर आणणारा बोल, सुचवाल का? उद्या पहाटे पुन्हा त्याच चढावर जाणार आहे.

ठेका (अंबाजोगाई)

तिहाई नको, धावताना ती डोक्यात राहणार नाही. चढाचा शेवट दिसू लागला की बोल पूर्ण सोडून द्या, सात-आठ मोकळे श्वास घ्या, आणि सपाटीवर आल्यावर ज्या पावलाला श्वास घेणे सुरू होईल त्यालाच ‘धी धी ना’चा पहिला ‘धी’ माना. सम तिथून आठ पावलांच्या पुढे, दुसऱ्यांदा श्वास सोडतानाच्या ‘धी ना’वर, आपोआप येईल. उद्या जमले की नाही ते कळवा.